लोकलमध्ये निमूट उभा राहणारा माणूस वॉटर पार्कात का भांडतो?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, आधी ते सुटे करते. मे महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही दोन कुटुंबं मिळून मुंबईजवळच्या वॉटर पार्कला गेलात. स्लाइडच्या रांगेत तुमच्या मेहुण्यांची दुसऱ्या एका ग्रुपशी बाचाबाची झाली, ती हातघाईवर आली आणि पार्कवाल्यांनी दोन्ही पार्ट्यांना गेटबाहेर काढलं. रोज विरार लोकलला लोंबकळत जाणारी माणसं मजा करायला आल्यावर एकमेकांची कॉलर का धरतात, हा तुमचा पहिला प्रश्न. यात पार्कची चूक किती, हा दुसरा. आणि सुरुवात समोरच्यांनी केली असताना तुम्हालाही बाहेर काढणं बरोबर होतं का, हा तिसरा. मला वाटतं, मनात सलतोय तो हा तिसराच.

मुंबईच्या आसपासच्या पार्कांमध्ये मी बरीच वर्षं काम करतेय. आधी राइड ऑपरेटर होते, आता गेस्ट ऑपरेशन्स बघते. म्हणजे कुठे आवाज चढला की वॉकीटॉकीवर ज्यांच्या नावाने ओरडा होतो, त्यांच्यातली मी एक. तुमच्या मेहुण्यांचं चुकलं की समोरच्यांचं, हे तिथलं फुटेज पाहिल्याशिवाय कोणीच सांगू नये. पण अशी भांडणं पेटतात कशी, हे सांगू शकते.

गर्दीला दोष देऊन मोकळं होता येत नाही, कारण तसं असतं तर दादरला रोज खून पडले असते. रेल्वेवालेच सांगतात की ऐन गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. आमच्या रांगेत तेवढ्याच जागेत दोन, फार तर तीन. लोकलमध्येही भांडणं होतात, लेडीज डब्यातली तर मी स्वतः ऐकत मोठी झाले. तरी त्या चेंगराचेंगरीच्या मानाने ती फारच कमी. कारण तिथले नियम कोणी लिहून लावले नसले तरी सगळ्यांना पाठ आहेत. तिघांच्या बाकावरची चौथी सीट कोणाची, बसलेल्याला 'कुठे उतरणार' विचारून ठेवलं की ती जागा कोणाची, दारात उभं राहायचं तर कोणत्या स्टेशनला बाजूला व्हायचं, मध्येच बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार फास्टमध्ये चढायचं धाडस करायचं की नाही. शिवाय लोकलकडून आनंदाची अपेक्षा कोणी करत नाही. पोचलो म्हणजे झालं.

ही तालीम तीन-चार पिढ्यांची आहे. पार्कची सवय आपल्याला जेमतेम एका पिढीची. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८ मध्ये, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. आणि जाणारा माणूस जातो वर्षातून एकदा. मग रांगेत जागा धरून ठेवता येते का? एकाने चौघांसाठी? चौघांनी चौदा जणांसाठी? पोरगं टॉयलेटला गेलं तर परत पुढे यायचं की शेपटीला? प्रत्येक कुटुंब आपापल्या घरचा नियम घेऊन येतं आणि तोच जगाचा नियम आहे असं धरून चालतं. म्हणून रांगेतली बहुतेक भांडणं चोर आणि साव यांच्यात होत नाहीत, दोन सावांमध्ये होतात. आपण घुसलोय हे ज्याला ठाऊक असतं तो दोन शिव्या खाऊन गुपचूप मागे जातो. आपलंच बरोबर आहे अशी ज्याची खात्री असते तो हटत नाही.

एक उदाहरण देते, कारण हे मी दर उन्हाळ्यात बघते आणि पार्कबाहेरच्या कोणाला ते सुचत नाही. वॉटर पार्कात माणसं अनवाणी असतात. दुपारी बारानंतर काँक्रीटची फरशी अशी तापते की पाय टेकवत नाही. रांगेवर शेडची सावली पडते ती पट्ट्यापट्ट्यांनी, दोन खांबांच्या मध्ये ऊन. मग लोक काय करतात? उन्हाचा तुकडा रिकामा सोडून सावलीत दाटीवाटीने उभे राहतात. पुढची रांग सरकली तरी मागचा उन्हात पाय टाकत नाही, पलीकडच्या सावलीत जागा होईपर्यंत थांबतो. झालं, रांगेत सात-आठ फुटांची फट पडते. आता नुकताच जिना चढून आलेला, पाय भाजत असलेला माणूस ती फट बघतो. त्याला वाटतं रांग इथेच संपते. तो पुढच्या सावलीत जाऊन उभा राहतो, मागे बायको, दोन पोरं, भाऊ, वहिनी. फटीमागचा अर्धा तास उभा असलेला माणूस ओरडतो, "ओ, लाइन दिसत नाही का?" आलेला माणूस खरंच गोंधळलेला असतो, पण पोरांसमोर असं खेकसलेलं त्याला लागतं. तो म्हणतो, "मग पुढे सरकायला काय झालं होतं?" आणि तोही मुद्दा बरोबर असतो!

या भांडणावर माझा उपाय बाउन्सर नाही. शेडनेट आणि पाण्याचा पाइप. उन्हाच्या त्या तुकड्यावर दर पंधरा मिनिटांनी पाणी मारा किंवा ओली मॅट टाका, फट पडत नाही. जिथे हे करून घेता आलं, तिथली वादावादी उतरली. जिथे मॅनेजमेंटला पाण्याचं बिल दिसलं, तिथे नाही उतरली.

जागा धरण्याचं प्रकरण याहून जुनं आहे आणि ते फक्त आपल्याकडचं नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये जुलै २०२२ मध्ये दोन कुटुंबांची जी तुंबळ हाणामारी झाली तिचे व्हिडिओ जगभर फिरले. बातम्यांत कारण आलं ते असं, की रांगेतली एक बाई राहिलेला फोन आणायला बाहेर गेली आणि परत आपल्या माणसांजवळ जाऊ लागली. बस, एवढंच. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकटा घुसला तर साधारण निम्म्या वेळाच कोणीतरी हरकत घेतली. दोघं घुसले तर दहातल्या नऊ वेळा. आणि तोंड उघडणारा बहुतेक वेळा घुसलेल्याच्या लगेच मागचा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडे दोघं घुसतात कुठे? "आमची फॅमिली पुढे आहे" म्हणत अकरा जण येतात, सोसायटीच्या पिकनिकची अख्खी विंग. मागच्याचा हिशेब सोपा असतो. त्याच्या पुढच्या चार-चार माणसांच्या जवळजवळ तीन राफ्ट, म्हणजे स्लाइडवरून घसरणाऱ्या रबरी होड्या, गेल्या.

आता पार्कची चूक, आणि इथे मी माझ्या धंद्याची बाजू घेणार नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'वीसपेक्षा जास्त राइड्स'. समजा सगळ्या राइड्स मिळून तासाला ३,००० माणसं नेतात आणि पार्क सात तास उघडं आहे. म्हणजे दिवसाला २१,००० फेऱ्या. त्या दिवशी आत ५,००० माणसं सोडली तर माणशी चार फेऱ्या येतात. वीस राइड्सचं तिकीट काढलेल्या माणसाच्या वाट्याला चार. हे गणित सकाळी अकरा वाजताच आम्हाला दिसत असतं, त्याला कळतं दुपारी चारला. चौघांचं तिकीट, लॉकर, भाड्याचे कॉश्च्युम, जेवण, गाडी मिळून पाच-सहा हजार सहज गेलेले असतात आणि घरी जाऊन पोरांनी 'काय काय केलं' सांगायचं असतं. त्या हिशेबात त्याला प्रत्येक घुसखोर खिशात हात घालणारा वाटतो.

एका स्लाइडचंच घ्या. चार माणसांची राफ्ट दर चाळीस सेकंदांनी सोडली तर तासाला ३६० माणसं जातात. रांगेत ३०० असतील तर पन्नास मिनिटं. तीच राफ्ट साठ सेकंदांनी सुटायला लागली की तासाला २४०, म्हणजे तेवढ्याच रांगेला सव्वा तास. वीस सेकंद कुठे गेले? वर पोचल्यावर कोणाचा चष्मा काढायला लावायचा, कोणाच्या खिशात मोबाइल, कोणी कॉटनचा टी-शर्ट घालून आलेलं, कोणाला 'आम्ही पाच जण एकत्रच बसणार' म्हणायचंय. यातलं प्रत्येक काम खाली, रांगेच्या तोंडाशी होऊ शकतं. उंचीचं तर व्हायलाच हवं. किमान उंची १२० सेंटिमीटर असलेल्या स्लाइडवर सव्वा तास उभं राहून वर आलेल्या ११८ सेंटिमीटरच्या मुलाला माघारी पाठवणं, यापेक्षा वाईट काम माझ्या नोकरीत नाही. आई त्याला हळूच टाचा उचल म्हणून सांगत असते, पोरगं श्वास रोखून उभं असतं, बाप ऑपरेटरकडे बघत असतो. नियम मोडता येत नाही, कारण तो स्लाइड बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेला असतो आणि राफ्टमधून कोण बाहेर फेकलं जाईल त्यावर ठरलेला असतो. पण तोच मुलगा गेटवर मोजून मनगटाला रंगीत बँड बांधला असता तर हा तमाशा झालाच नसता. त्या बापाचा राग ऑपरेटरवर निघत नाही, कारण ऑपरेटरच्या मागे बाउन्सर असतो. तो निघतो जिन्यावर खाली उतरताना ज्याचा धक्का लागेल त्याच्यावर. तुमच्या भांडणात समोरचा माणूस 'उगाचच' चिडला असं तुम्ही लिहिलंय. तो आधी कुठून आला होता, हे तुम्हाला कोण सांगणार?

जास्त पैसे देऊन पुढे जायचं तिकीट हा वेगळाच भडका आहे. तासाला ज्या ६० राफ्ट सुटतात त्यातल्या चारातली एक त्या लाइनला दिली की साध्या रांगेचा सव्वा तास शंभर मिनिटांवर जातो. लोक वेळेपेक्षा अन्यायाने जास्त पेटतात. लालबागच्या राजाला माणसं दहा-दहा तास शांतपणे उभी असतात, वाद दरवर्षी होतो तो व्हीआयपी दर्शनावरून. पैसेवाल्यांची लाइन विकायचीच असेल तर ती निदान दुसऱ्या जिन्याने वर न्यावी. पण स्वस्तात काम व्हावं म्हणून दोन्ही रांगा एकाच ठिकाणी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जोडतात.

बाकी ऊन, भूक, तहान ही कारणं तुम्हाला कोणीही सांगेल आणि ती खरीच आहेत. माझ्या अनुभवात खराब वेळ दुपारी तीन ते पाच. सकाळी डोंबिवलीहून सहाला निघालेलं कुटुंब, नाश्ता बसमध्ये, जेवण फूड कोर्टच्या गर्दीमुळे टळलेलं, पाण्यात असल्यामुळे घाम कळत नाही आणि पाणी प्यायचं सुचत नाही, धाकटं पेंगुळलेलं. अशा वेळी समोर परका माणूसही लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये जुलै २०१९ मध्ये जी मारामारी गाजली ती एकाच कुटुंबातल्या माणसांची होती. कंपनी पिकनिकच्या बसमधून पिऊन येणारे हाही एक प्रकार आहे. आत दारूबंदी असते, पण तोंडाचा वास घेऊन प्रत्येकाला अडवणं गेटवर जमत नाही. दुपारपर्यंत ते उतरतंही, मग उरते नुसती चिडचिड.

एका गोष्टीबद्दल मात्र मला वेगळं बोलायचंय. वेव्ह पूल आणि रेन डान्सला होणारी कित्येक भांडणं रांगेची नसतातच. गर्दीचा फायदा घेऊन कोणी बाईला हात लावतो, कोणी ओल्या कपड्यातल्या मुलींचं शूटिंग करतो, तिचा भाऊ किंवा नवरा त्याला पकडतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन तापट टोळकी दिसतात आणि तो म्हणतो, लोकांना मस्ती आलीय. अशा वेळी आधी त्या मुलीशी, बाई स्टाफने, बाजूला नेऊन बोलायचं असतं. मोबाइल स्वतः हिसकावायचा नाही, डिलीट करायला लावायचं नाही, कारण तोच पुरावा असतो. ११२ वर फोन करून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. तुमच्या प्रकरणात असं काही असेल तर खाली मी जे लिहितेय ते लागू होत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. दोन्ही बाजूंना बाहेर का काढतो? कारण त्या क्षणी न्याय करायला आम्ही उभे नसतो. पाण्याने निसरडा झालेला तिसऱ्या मजल्याएवढा जिना, त्यावर दोनशे माणसं, मध्ये पोरं. तिथे 'सुरुवात कोणी केली' असं विचारलं की चाळीस साक्षीदार तयार होतात आणि भांडण दोघांचं राहत नाही. मी स्वतः जाते तेव्हा भांडणाऱ्यांशी आधी बोलतच नाही. दोन्हीकडच्या ग्रुपमध्ये एखादी काकू किंवा आजोबा असतात, त्यांच्याशी बोलते. "काकू, यांना जरा खाली सावलीत घ्या, पाणी द्या, मी तुमचं ऐकायला आलेय." पुरुष माणसाला बायकोपोरांसमोर माघार घ्यायची लाज वाटते, पण मावशीने दंडाला धरून ओढलं तर त्याला नाइलाज म्हणून जाता येतं. ही पळवाट त्याला देणं हेच निम्मं काम. कधी एका बाजूला दुसऱ्या स्लाइडच्या पायथ्याशी नेऊन सोडते. पण ओरडणाऱ्याला फुकटचं पुढचं तिकीट देऊन गप्प करायच्या मी पूर्ण विरोधात आहे. बघणारे दोनशे जण त्यातून काय शिकतात?

हात उठला असेल तर मात्र समजावणीची वेळ गेलेली असते. एका बाजूला आत ठेवलं तर दुसरी फेरी कॉश्च्युमच्या डिपॉझिटच्या काउंटरवर नाहीतर पार्किंगमध्ये होते, आणि तिथे कॅमेरेही कमी असतात. म्हणून दोघांनाही काढायचं, पण एकत्र नाही. पहिल्यांना गाडीत बसवून वीस-पंचवीस मिनिटांनी दुसऱ्यांना. तुम्हाला दोघांना एकाच वेळी एकाच गेटवर आणून सोडलं असेल, तर ती त्यांची मोठी चूक, बाहेर काढणं ही नाही. कायदाही इथे तुमच्या मेहुण्यांच्या फार बाजूचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ प्रमाणे सार्वजनिक जागी मारामारी करून शांतताभंग करणं हा लढणाऱ्या सगळ्यांचाच गुन्हा आहे, एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार खाऊन नुसता बचाव करणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण ते फुटेजवर ठरतं.

पुढच्या वेळेसाठी: शाळा जूनच्या मध्याला सुरू झाल्यावरचा मधला वार धरा, मेमधला रविवार नको. गेट उघडायच्या आधी पोचा आणि प्रवेशद्वाराजवळची राइड सोडून सगळ्यात लांबच्या स्लाइडपासून सुरुवात करा, बाकी सगळे पहिल्या दिसेल त्या रांगेत उभे राहतात. मुलांची उंची घरीच मोजून पार्कच्या वेबसाइटवरच्या आकड्यांशी ताडून बघा. जेवण पावणेबाराला उरका. पोरांना दर तासाला पाणी. आणि रांगेतून कोणाला बाहेर जावंच लागलं, तर जायच्या आधी लगेच मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगा, "हा टॉयलेटला जाऊन येतोय, चालेल ना?" तो मान डोलावतो, नव्याण्णव टक्के. आल्यावर हरकत घेणारा तोच असतो, आणि त्यानेच हो म्हटलेलं असतं. मात्र हे एका माणसापुरतं. दहा जणांसाठी जागा धरायची असेल तर दहाही जणांनी मागे जाऊन उभं राहावं, त्याला दुसरा मार्ग नाही.

तिकिटाचे पैसे परत मिळतील का, हे तिकिटामागच्या अटींवर अवलंबून आहे, आणि मारामारीत बाहेर काढलेल्याला परतावा नाही अशी अट बहुतेक ठिकाणी असते. पण तुमच्या बाजूने हात उठलाच नव्हता अशी तुमची खात्री असेल तर पार्कच्या मॅनेजरला आजच लेखी मेल करा: तारीख, अंदाजे वेळ, स्लाइडचं नाव, बुकिंग नंबर, आणि त्या वेळचं फुटेज जपून ठेवण्याची स्पष्ट विनंती. फोनवर बोलू नका. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि मे होऊन किती दिवस झालेत ते तुम्हीच बघा.